डोण क्रमांक सत्तावीस

घोडके चौकात त्या सकाळी पुढील वस्तू होत्या. दगडी हौद एक. त्याला तोट्यांची भोकं चार, तोट्या शून्य. हौदाच्या सांडव्याखाली लांबट दगडी डोण एक. ओतीव लोखंडाचे दिव्याचे खांब दोन, पैकी एक वाकलेला. मैलाचा दगड एक, त्यावर शिकवण्यांच्या जाहिराती तीन. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या पाच. पिंपळाचा पार एक. पारावर माणसं सहा होती, पण ती मी लिहिली नाहीत. फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

फॉर्म मीच तयार केला होता. मी तेवीस वर्षांची होते, भूशास्त्रात एम.एस्सी. होऊन गावी परतले होते, आणि नोकरीचं पत्र येईपर्यंत आमच्या नगर इतिहास मंडळासाठी रस्त्यांवरच्या जुन्या वस्तूंची नोंद करत होते. देवळं नाहीत, वाडे नाहीत, फक्त येता-जाता पायाला आणि कोपराला लागतं ते. कल्पना मंडळाचे अध्यक्ष सोवनी सरांची. त्यांनीच मला शाळेत व्हर्नियर कॅलिपर धरायला शिकवलं होतं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असं ते वर्गात म्हणायचे, आणि मी ते फार मनावर घेतलं होतं.

डोणीची लांबी तीन मीटर दहा. मी टेप उभी धरली. रस्त्यापासून काठ सेहेचाळीस सेंटिमीटर.

"काय मोजतीस गं पोरी?"

पारावरची एक म्हातारी उठून आली होती. अंगावर पांढरं पातळ, हातात दुधाची पिशवी.

"ही डोण, आजी. इतिहास मंडळासाठी."

"कशाची म्हनून लिवतीस?"

फॉर्मच्या मागे मी एक तक्ता छापला होता. बाकीच्या गावांतल्या डोणी बघून, जनावरांच्या उंच्या काढून केलेला. "शेळ्यामेंढ्यांची," मी म्हणाले. "काठ बुटका आहे ना. पन्नासच्या आत शेळ्यामेंढ्या, पन्नास ते ऐंशी गाई-बैल, त्याच्यावर घोडे."

"टेपीवर कळतं व्हय असं?"

"साधारण कळतं."

"शेळ्या," ती म्हणाली. मग डोणीकडे बघून पुन्हा म्हणाली, "शेळ्या." मला वाटलं ती हसली. "लिव बाई. शिकलेली हायस."

अजून चौदा चौक राहिले होते. मी लिहिलं : क्रमांक २७, डोण, शेळ्यामेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी. खाली सही केली.

मंडळाचं व्याख्यान दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी, नगर वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी सहाला असायचं. मार्चचं व्याख्यान माझं होतं, आयुष्यातलं पहिलं. अठ्ठेचाळीस माणसं आली होती. मी पडद्यावर फोटो दाखवत गेले. सत्तावीस क्रमांकाला आले तेव्हा आधीपासून पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं, "ज्या गावानं शेळीच्या मानेची उंची बघून दगड घडवला, त्या गावाचं मन किती बारीक असेल." टाळ्या पडल्या. सोवनी सरांनीही वाजवल्या. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

मंडळाची एक पद्धत होती. प्रश्न तोंडी विचारायचे नाहीत. कागदाच्या चिठ्ठ्या वाटायच्या, लिहिलेल्या गोळा करून अध्यक्षांकडे द्यायच्या, अध्यक्ष एकेक वाचणार. मग अध्यक्षीय समारोप, मग चहा. समारोपानंतर कुणी काही बोललं तर चिटणीस उदगावे काका चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. हातात कप आला की माणूस गप्प बसतो, असा त्यांचा अनुभव होता.

चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडेच होतं. शेवटच्या रांगेत ती चौकातली म्हातारी बसली होती. पेन्सिलीनं सावकाश लिहून तिनं चिठ्ठी उघडीच माझ्या हातात दिली. अक्षर मोठं होतं, ओळी वर चढत गेलेल्या.

"त्या डोणीतून माझी आई तान्हूबाई पाणी भरायची. सात घरं भरायची. आईची जागा भिंतीकडून तिसरी. तिला शेळी म्हणू नका. हौसाबाई रणपिसे, रिटायर आया, नगरपालिका दवाखाना."

चिठ्ठ्या नऊ होत्या. मी ती सगळ्यांत वर ठेवली. सरांनी ती वाचली, मनात. तिची एक घडी घातली, मग दुसरी, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या मागे सरकवली. मग दुसरी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ती दिव्याच्या खांबांबद्दल होती. आठही प्रश्नांना मी उत्तरं दिली. कुठल्या तोंडानं दिली ते आठवत नाही.

समारोपात सरांनी जाहीर केलं की नोंदींवरून पहिल्या दोन दगडी पाट्या कोरून तयार आहेत. पुढच्या रविवारी सकाळी दहाला घोडके चौकात नगराध्यक्षांच्या हस्ते अनावरण. पहिली पाटी हौदाची. हौद सरांच्या पणजोबांनी, विनायकपंतांनी बांधलेला, आणि त्यावर मूळचाच शिलालेख होता : सर्व लोकांच्या उपयोगासाठी. दुसरी पाटी डोणीची.

हौसाबाई उभी राहिली. "माझी चिठ्ठी ऱ्हायली."

"आजी, वेळ संपली," सर हसून म्हणाले. "चहा घ्या."

उदगावे काका ट्रे घेऊन पोचलेही होते. तिनं कप घेतला, शेजारच्या खुर्चीवर भरलेला तसाच ठेवला, आणि जिना उतरून गेली.

मी सरांना जिन्यावर गाठलं.

"सर, नऊ चिठ्ठ्या होत्या."

"होत्या."

"तुम्ही आठ वाचल्यात."

"कल्याणी, भांडणं होऊ नयेत म्हणून तर चिठ्ठ्यांची पद्धत आहे. तोंडी ठेवलं असतं तर मंडळ एकवीस वर्षं चाललं नसतं."

"पण त्या म्हणताहेत ते खरं असेल तर?"

"म्हणणं आणि पुरावा यांतला फरक तुला मी सांगायचा?" त्यांचा आवाज प्रेमळ होता. शाळेत होता तसाच. "हौदावर काय लिहिलंय? सर्व लोकांच्या. सर्व. मग कुणाला डोणीतून पाणी भरायची गरज काय? आणि नोंद माझी नाही. तुझी आहे. तक्ता तुझा, सही तुझी. नोंदवहीत गेलेली नोंद बदलायची तर वस्तू पुढ्यात लागते. नियम आठ."

सही माझी होती.

घरी बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं, "आपल्या घरी नळ यायच्या आधी पाणी कुठून यायचं?"

"घोडके चौकातनं. हौदावरनं. तुझी आजी भरायची."

"आणि डोणीतून?"

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "ते खालचं पाणी," म्हणाले.

म्हणजे त्याला नाव होतं. मी दोन महिने गावात टेप घेऊन फिरत होते आणि आमच्याच घरात त्याला नाव होतं. त्या रात्री मी चिठ्ठीतली वाक्यं आठवतील तशी वहीत उतरवली. खाली तारीख घातली, वेळ घातली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यामागच्या वस्तीत हौसाबाईचं घर शोधत गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलीस. बस म्हननार न्हाय मी."

मी उभी राहिले.

"आजी, तुम्ही मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस?"

"तुम्हीच म्हणालात, लिव म्हणून."

"ते टेपीला म्हनले. म्हनलं बघू तरी, टेपीला काय कळतंय." तिनं एक खडा काढून बाहेर टाकला. "माणूस हुबं हाय म्होरं, तिला इचारंना. दगडाला इचारतीया."

तिनं आणखी एक खडा काढला. मग सांगायला लागली, पण मला सांगते आहे असं वाटू न देता.

"वरच्या हौदाला आमचा हात लागायचा न्हाय. हौद भरून सांडला की खाली डोनीत यायचं. कवा सांडंल त्याचा नेम न्हाय. वर कुनी जास्तीच्या घागरी भरल्या तर दुपार व्हायची. तवर बसायचं. सात घरं, सात जागा. आमची तिसरी."

"आणि मधे कुणाला उठावं लागलं तर?"

"घागर असायची की जाग्यावर. घागर हाय म्हंजी बाई हाय. बसून बसून दगडाला जागा पडलेली. तेच्यात घागर बसवायची, मंग हालत न्हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "आजीची घागर फुटली तवा बापानं पलटनीतनं पैसं धाडलं. तर आईनं आधी सुतळी घिऊन जाग्याचं माप घितलं, आन् ते तांबटाला दिलं. बूड जागंच्या मापानंच पायजे. डुगडुगली, सांडली, तर दुसऱ्यांदा भरायला मिळायचं न्हाय. कळलं का? माझी आई बी मोजत हुती. तिच्याकडं टेप नव्हती."

"ती घागर आहे अजून?"

"हाय."

"बघू?"

"आज न्हाय."

मी निघाले तेव्हा तिनं हाक मारली. "आईत्वारी तुमी दगुड लावनार. नगरपालिकेचा दगुड, कोरल्याला. माझी नातवंडं त्याच रस्त्यानं साळंला जात्यात. दोगांनाबी वाचता येतं. ती इचारतील, आजी, तू म्हनायचीस पणजी हितं पानी भरायची, हितं तर शेळ्या लिवल्यात. मी काय सांगू? सांग तू. शिकलेली हायस."

शुक्रवारी सकाळी पाट्या बसवायचं काम सुरू झालं. देखरेखीला मंडळानं मलाच पाठवलं होतं. गवंडी यल्लप्पा आणि त्याची बायको रेणुका पहार-घमेलं घेऊन आली होती. डोणीची पाटी ज्या दगडी ठोकळ्यावर बसायची त्याची जागा सरांनी आदल्या संध्याकाळी खडूनं आखून ठेवली होती, डोणीला लागून, भिंतीच्या बाजूला.

यल्लप्पानं डांबर फोडलं. मी कडेला उभी राहून बघत होते. डांबराखाली खडी निघाली. खडीखाली मुरूम. मुरमाखाली पुन्हा डांबर, जुनं, काळंकुट्ट. त्याखाली तांबडी माती.

पाच थर. मी भूशास्त्र शिकले होते. दोन वर्षं डोंगरकड्यांसमोर उभी राहून, कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा, एवढंच मला शिकवलं होतं. आणि ह्या चौकात येऊन मी आजच्या रस्त्याला शून्य धरून टेप लावली होती. रस्ता वर्षानुवर्षं वर येत गेला होता आणि डोण आहे तिथंच होती. डोण बुटकी नव्हतीच. पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुचलं असतं.

मी थर मोजले. डांबर चार सेंटिमीटर, खडी सात, मुरूम सहा, जुनं डांबर तीन, माती नऊ. एकूण एकोणतीस. तिथं पहारीचा आवाज बदलला.

"फरशी लागली, बाई," यल्लप्पा म्हणाला. "घडीव हाय."

त्यानं हातानं माती सारली आणि थांबला. फरशीत एक गोल खळगा होता, वाटीच्या तळासारखा, आतून गुळगुळीत. त्यानं त्यात तळवा फिरवला. "घागरीचं हाय हे. आमच्या गावात हिरीवर हाईत असली."

"घागरीचंच कशावरून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करते आहे का, असं. "दुसरं कशाचं असतंय?" रेणुका घमेलं डोक्यावर घेता घेता हसली. "बाईला घागर भरायला लागलं न्हाय कधी."

मी वही उघडली आणि मला स्वतःचंच अक्षर दिसलं : सात घरं. भिंतीकडून तिसरी.

"यल्लप्पा, डोणीच्या कडेकडेनं असंच फरशीपर्यंत शेवटपर्यंत उकराल?"

"साहेबानी एकच खड्डा सांगितलाय."

"मी सांगते आहे."

त्यानं डोणीकडे बघितलं, खळग्याकडे बघितलं. मग पहार उचलली. दुपारी साडेतीनपर्यंत चर पूर्ण झाला. रेणुकानं खराट्यानं फरशी झाडली, दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी वाहून गेलं, पण सगळं नाही. एका ओळीत राहिलं, गोल गोल.

मी डोकं वर न काढता मोजले. सात.

शनिवारी सकाळी सरांच्या घरी गेले. त्यांनी मला शेजारी बसवलं, वही घेतली, चष्मा लावून नीट वाचली. वाचून होईपर्यंत ते खरोखर माझे मास्तर होते. थरांच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "मूळ पातळी शोधलीस. छान काम आहे. म्हणजे काठाची खरी उंची सेहेचाळीस अधिक एकोणतीस."

"पंचाहत्तर."

"पंचाहत्तर." ते खुर्चीत मागे टेकले. "तुझ्या तक्त्याप्रमाणे गाई-बैल. पाटी बदलू. दगड उलटा करून मागच्या बाजूला कोरून घेता येईल आजच्या आज."

मी वही माझ्याकडे ओढली.

"सर, खळगे सात आहेत. प्रत्येकात बेचाळीस ते चव्वेचाळीस सेंटिमीटर अंतर. घागरी ठेवून पडलेले. यल्लप्पानं बघताक्षणी ओळखलं."

"गुराखी पाणी भरत असतील. पाणी ठिबकूनही दगड झिजतो."

"सांडवा एकच आहे. सात ठिकाणी ठिबकेल कसं? आणि चिठ्ठीत सात लिहिलं होतं. चर खणायच्या सहा दिवस आधी. फरशी कुणी बघितलेली नसताना."

"कुठली चिठ्ठी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. सदरा दुसरा होता, खिशात पेन तेच.

"तुमच्या खिशात ठेवलेली."

"कल्याणी," ते म्हणाले, आणि तो प्रेमळपणा पहिल्यांदाच गेला, "त्या हौदावर माझ्या पणजोबांचं नाव आहे. सर्व लोकांसाठी असं त्यांनी लिहिलंय. तू त्यांना खोटं पाडायला निघालीस, तेही चार खळग्यांवरून."

"सात."

"चर आज बुजवायचा. यल्लप्पाला सांग."

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगतो." ते उठून फोनकडे गेले. मी दाराशी पोचले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं ना तुला?"

मी बाहेर पडले. सायकल दोनदा आपटली तेव्हा कुठं तिचं कुलूप उघडलं.

तिथून तडक हौसाबाईकडे गेले. सगळं सांगितलं, गाई-बैलांसकट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "शेळीची गाय झाली म्हन की. बढती हाय." मग आत गेली आणि आतून चिंच कुटल्याचा आवाज यायला लागला.

रविवारी साडेनऊला मी चौकात पोचले. खुर्च्या मांडलेल्या, माईक लावलेला, दोन्ही पाट्यांवर भगवं कापड. चर उघडाच होता. त्याच्यावर नुसती ताडपत्री ओढली होती. यल्लप्पा बाजूला सिमेंटच्या पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. सर त्याच्यासमोर उभे होते.

"मी काल सांगितलं होतं बुजवायला."

"सिमीट संपलं, साहेब," यल्लप्पा म्हणाला, आणि पोत्यावरून उठला नाही.

दहाला नगराध्यक्ष आले. पासष्ट-सत्तर माणसं जमली होती. सरांनी माईक हातात घेतला, तेवढ्यात मैलाच्या दगडाच्या बाजूनं हौसाबाई आली. तिच्यामागे वस्तीतल्या अकरा बायका. तिच्या कमरेवर तांब्याची घागर होती, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. बुडापाशी चेमटलेली, काठाला एके ठिकाणी डाग देऊन सांधलेली. लोक आपोआप बाजूला झाले.

"आजी, कार्यक्रम झाल्यावर बोलू," सर माईकमधूनच म्हणाले.

"कार्यक्रमाचंच हाय."

तिनं पायानं ताडपत्री सारली. यल्लप्पानं दुसरं टोक धरून ओढलं. चर उघडा पडला. पुढच्या रांगेतले लोक उठून वाकून बघायला लागले.

"ही माझ्या आईची घागर," हौसाबाई म्हणाली. तिला माईक लागला नाही. "तान्हूबाईची. हितं सात बायका पानी भरत हुत्या. शेळ्या न्हाय, गाया न्हाय. आईची जागा तिसरी. भितीकडनं. मी आठ दिसांपूर्वी लिवून दिलंय सायबांना."

नगराध्यक्षांनी सरांकडे बघितलं. सरांनी माईक खाली घेतला आणि शांतपणे म्हणाले, "घागरीचं काय, गोल बुडाची घागर कुठल्याही खळग्यात बसेल. हा काही पुरावा नाही."

"मग बघू या," मी म्हणाले. "आजी, आधी पहिल्यात ठेवा."

"न्हाय ठेवनार." ती एकदम ठाम झाली. "ती गोदूमावशीची जागा. दुसऱ्याच्या जाग्यावर आपली घागर ठेवायची न्हाय. आईनं मारलं असतं." तिनं घागर कमरेवरून काढून माझ्यापुढे धरली. "तुला काय न्हाय त्याचं. तू ठेव."

घागर मला वाटली त्यापेक्षा जड होती. मी चरात उतरले. उदगावे काका नोंदवही घेऊन कडेला उभे होते, सवयीनं. त्या दिवशी त्यांच्या हातात ट्रे नव्हता.

"काका, क्रमांक सत्तावीस काढा. नियम आठ, वस्तू पुढ्यात आहे. लिहून घ्या."

त्यांनी सरांकडे बघितलं. काकांनी पान काढलं.

पहिल्या खळग्यात घागर हौदाच्या बाजूला कलली. दुसऱ्यात डुगडुगली. मी तिसरा सोडला आणि पुढे सरकले. चौथा अरुंद होता, बूड वरच अडकलं. पाचव्यात आणि सहाव्यात कलली. सातव्यात फिरली. प्रत्येक वेळी मी मोठ्यानं सांगितलं आणि काकांच्या पेनाचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबले.

मग मागे आले, गुडघे टेकले आणि घागर तिसऱ्या खळग्यात ठेवली. हात काढला. वरून काठाला बोटानं ढकललं. ती हलली नाही.

मी खिशातून कॅलिपर काढला. सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी शून्य तपासलं.

"बूड आणि खळग्याचा काठ यांतली फट," मी सांगितलं. "भिंतीकडे तीन मिलीमीटर. हौदाकडे तीन. चौकाकडे चार. डोणीकडे तीन."